कोणता खटका कुठला? घराच्या डीबीचा नकाशा काढायची पद्धत

आमच्या डीबीच्या, म्हणजे घरातले सगळे खटके असलेल्या पेटीच्या, झाकणावर बिल्डरच्या माणसाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: लाइट, लाइट, पॉवर, पॉवर, एसी, गिझर. आठ वर्षं आम्ही त्या पेन्सिलीवर विश्वास ठेवला. मग एकदा बाथरूमबाहेरच्या बोर्डातलं गिझरचं जळकं बटण बदलायला वायरमन आला. ‘गिझर’ लिहिलेला खटका मी पाडला, बटणातला लाल दिवा विझला, आणि आम्हा दोघांनाही वाटलं की झालं. बोर्डाचे स्क्रू काढून झाल्यावर आत हात घालण्याआधी त्याने सवयीने टेस्टर फिरवला. गिझरची वायर मेलेली होती, पण तिच्यापासून दोन बोटांवर, ट्यूबच्या बटणाला फेज (वीज घेऊन येणारी वायर) जिवंत होता. आणि तो इन्व्हर्टरवरून येत होता, म्हणजे मेन स्विच पाडलं असतं तरी तो तिथेच राहिला असता.

त्याच रविवारी आम्ही घराचा नकाशा काढला. त्यानंतर आईच्या जुन्या घराचा आणि बहिणीच्या थ्री-फेज (तीन फेजवरून वीज येणाऱ्या) बंगल्याचाही काढला. दोन बेडरूमच्या फ्लॅटला दोन माणसांना साधारण दोन तास पुरतात. या कामात कुठेही वायरला हात लावायचा नसतो. डीबीचं दार उघडायचं, पण आतली स्क्रूने बसवलेली पट्टी उघडायची नाही. बोर्ड खोलायचा नाही. खटके वर-खाली करायचे, काय बंद पडतं ते पाहायचं आणि लिहायचं, एवढंच.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करा: नकाशा खोलीचा काढायचा नाही, पॉइंटचा काढायचा. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये एकाच स्विचबोर्डात दिवे-पंख्याची लाइन, जाड पिनेच्या पॉवर सॉकेटची वेगळी लाइन आणि इन्व्हर्टर असेल तर त्याची तिसरी लाइन, अशा तीन वाटा येऊन बसलेल्या असू शकतात. ‘बेडरूमचा खटका’ अशी वस्तू बहुतेक घरांत नसतेच. वरचा दिवा गेला म्हणजे बोर्ड मेला, हे गृहीत धरूनच माणसांना शॉक बसतात.

आधी डीबी वाचा

डीबी बहुधा दाराच्या वर किंवा पॅसेजमध्ये असते. चढायला लाकडी किंवा प्लास्टिकचं स्टूल घ्या, लोखंडी शिडी नको. हात कोरडे, पायात चप्पल. झाकणातून जळका वास येत असेल, एखादा खटका हाताला गरम लागत असेल किंवा आतून चर्र असा आवाज येत असेल, तर हे काम इथेच थांबवा आणि वायरमनला बोलवा.

सगळ्यात रुंद, दोन किंवा चार खटके एका दांडीने जोडलेला असतो तो मेन किंवा आयसोलेटर. त्याच्या शेजारी छोटं बटण असलेला, त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेला असेल, तर तो आरसीसीबी; बरेच वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. घरात तो बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. विजेचा एवढासा प्रवाह कुठे भलत्या वाटेने जमिनीत, म्हणजे कदाचित माणसाच्या अंगातून, जाऊ लागला की तो सगळं तोडतो. जास्त लोडने तो पडत नाही, ते काम एमसीबीचं. उरलेले एकेकटे खटके म्हणजे ते एमसीबी, आणि आपल्याला नकाशा त्यांचा काढायचा आहे.

प्रत्येकावर एक अक्षर आणि एक आकडा छापलेला असतो: सी १६, बी १०, सी २० असा. आकडा म्हणजे अँपिअर. अक्षरावरून समजतं की क्षणभराचा मोठा झटका तो किती सहन करेल. बी प्रकारचा नेहमीच्या तीन ते पाच पटीला लगेच पडतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटीला, म्हणून मोटर आणि एसीच्या लाइनवर सी दिसतो. या आकड्यांवरून पहिला अंदाज बांधता येतो. ६ किंवा १० चा असेल तर बहुधा दिवे-पंखे, १६ चा असेल तर पॉवर पॉइंट किंवा गिझर, २० किंवा २५ चा असेल तर एसी. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर घेतो, ३,००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर. पण हा अंदाजच. कागदावर तो पेन्सिलीने लिहा, पेन तपासल्यानंतरच हातात घ्या.

आता खटक्यांना डावीकडून उजवीकडे क्रमांक द्या. दोन ओळी असतील तर वरची ओळ आधी. चिकटपट्टीवर आकडा लिहून खटक्याच्या खाली लावा, दांडीवर नको. आणि काहीही पाडण्याआधी मोबाइलने एक फोटो काढून ठेवा: कोणता खटका वर होता आणि कोणता आधीपासूनच खाली, हे नंतर आठवत नाही.

पॉइंटची यादी

नकाशातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम हेच आहे. घराचा ढोबळ आराखडा काढा आणि प्रत्येक बोर्ड, प्रत्येक सॉकेट, प्रत्येक दिवा-पंखा त्यावर मांडा. किचनचा पहिला बोर्ड कि-१, त्यातला दिवा कि-१-अ, असं काहीतरी. घाईत यादी केली तर हमखास सुटतात ते पॉइंट असे: दारावरची बेल, पाटीवरचा दिवा, देवघरातला छोटा दिवा, माळ्यावरचा बल्ब, एक्झॉस्ट फॅन, चिमणी, पाण्याचा फिल्टर, कपाटामागे दडलेलं सॉकेट, टीव्हीमागचे तीन-चार प्लग, वॉशिंग मशीनचा पॉइंट, आणि बाल्कनीत आकाशकंदिलासाठी काढलेला तो एक होल्डर जो वर्षातले अकरा महिने कुणी पाहतही नाही. बंगला असेल तर पंप, गेटचा दिवा, गच्चीवरचा पॉइंट आणि सीसीटीव्ही.

सुरू करण्याआधी घरात सांगा. कॉम्प्युटर नीट बंद करा. घरात ऑक्सिजनचं मशीन किंवा असं कुठलं उपकरण कुणासाठी चालू असेल, तर तो खटका आधी शोधायचा आणि मग त्याला पुन्हा हात लावायचा नाही, किंवा मग हे काम दुसऱ्या दिवशी. लिफ्ट आणि जिन्याचे दिवे सोसायटीच्या मीटरवर असतात, ते तुमच्या डीबीत नसतात.

इन्व्हर्टर असेल तर तो त्याच्या बटणाने बंद करा. हे राहिलं तर पहिली फेरी फुकट जाते: तुम्ही खटका पाडाल, इन्व्हर्टर क्षणात लाइन उचलेल, दिवा लुकलुकून तसाच राहील, आणि तुम्ही लिहाल ‘यावर काही नाही’.

पहिली फेरी: एकेक पाडत

घरातले सगळे दिवे आणि पंखे लावा, रात्रीचे छोटे बल्बसुद्धा. एक माणूस डीबीपाशी, दुसरा घरभर फिरणारा, आणि दोघांचे फोन स्पीकरवर. डीबीपाशी असलेला म्हणतो, “एक पाडला.” फिरणारा प्रत्येक खोलीत जाऊन काय गेलं ते मोठ्याने सांगतो आणि पहिला ते लिहितो. पूर्ण घर फिरून झालं की, “एक उचलला.” मग दोन. एक खटका वर गेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आमच्याकडे फिरायचं काम सातवीतल्या मुलीने केलं, आणि किचनचा खटका पाडल्यावर हॉलच्या कोपऱ्यातला दिवा गेला हे तिच्याच लक्षात आलं. मी हॉलमध्ये गेलोच नसतो.

एसी आणि गिझर आधी त्यांच्या बटणाने बंद करा, मगच त्यांचा खटका पाडा. भरल्या लोडवर तोडताना आतल्या संपर्कावर ठिणगी पडते आणि तो हळूहळू खराब होतो. एकटेच असाल तर मोठ्या आवाजात रेडिओ लावून एकेका सॉकेटला जोडता येतो. आवाज थांबला की खटका सापडला. वेळ चौपट लागतो, पण काम होतं.

पंखा पाहताना घाई नको, तो वीज गेल्यावरही मिनिटभर फिरत राहतो. गिझरच्या बाबतीत टाकीवरच्या दिव्यावर विसंबू नका. पाणी तापलेलं असलं की थर्मोस्टॅट त्याला आपोआप बंद ठेवतो आणि काही गिझरमध्ये दिवाही विझतो. भिंतीवरच्या बटणातला छोटा दिवा बघा. एलईडी बल्ब पूर्ण न विझता अगदी मंद उजळत राहिला तर गोंधळू नका. शेजारून जाणाऱ्या जिवंत वायरमुळे तेवढी कणभर वीज येऊ शकते. तसा पॉइंट मात्र यादीत खूण करून ठेवा, कारण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या वायरवर) बसवलं असलं तरी असंच दिसतं, आणि तसं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो. ही चूक वायरमनकडून लवकरात लवकर दुरुस्त करून घ्या.

सॉकेट आणि टेस्टर

सॉकेट तपासायला दोन रुपयांचं डोकं आणि एक टेबल लॅम्प पुरतो. लॅम्प लावा, बटण दाबा, खटका पाडल्यावर विझतो का पहा. नुसत्या जाड पिनेच्या जुन्या सॉकेटला तो बसत नाही. तिथे त्या पिनेचंच एखादं उपकरण जोडा. उघड्या वायरची टोकं सॉकेटमध्ये खुपसून बघण्याचा प्रकार अजून चालतो, तो कृपा करून कुणी करू नका.

टेस्टरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण त्याच्यावर आपला फार विश्वास असतो. त्याच्या आतला निऑन दिवा तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर पेटतो. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल, समोर दुपारचं ऊन असेल किंवा टेस्टर जुना असेल, तर फेज जिवंत असूनही तो पेटलेला दिसत नाही. उलट, न्यूट्रल तुटलेला असेल तर टेस्टर छान पेटतो आणि लॅम्प लागत नाही. म्हणून टेस्टर आधी नक्की चालू असलेल्या पॉइंटवर लावून पहा, मग संशयित पॉइंटवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. टेस्टर पेटला म्हणजे वीज आहे हे खरं मानायचं. नाही पेटला म्हणजे वीज नाही, हे मात्र मानायचं नाही.

दुसरी फेरी: एकेक उचलत

बहुतेक जण पहिल्या फेरीनंतर थांबतात, पण चुका सापडतात त्या दुसऱ्या फेरीत. आता सगळे एमसीबी पाडा, मेन आणि आरसीसीबी चालूच ठेवा, आणि एकच खटका उचला. पुन्हा घरभर फिरा. यादीप्रमाणे ठरलेलेच पॉइंट जिवंत झाले पाहिजेत. एखादा जास्तीचा झाला तर पहिल्या फेरीत तो नजरेतून सुटला होता. सगळे खटके एकेक करून तपासल्यावरही एखादा पॉइंट कधीच जागा झाला नाही, तर त्याची वायर तुटली आहे किंवा तो कुठल्या तरी वेगळ्या वाटेवर आहे.

सगळे खटके खाली असताना आणखी एक पाहणी करून घ्या. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. दर युनिटला किती वेळा, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. आता तो लुकलुकणं थांबायला हवा. थांबत नसेल तर डीबीच्या आधीच कुठेतरी वीज खेचली जात आहे, किंवा तुम्ही पाहताय तो मीटर तुमचा नाही. इमारतीच्या मीटर रूममध्ये तीस मीटर ओळीने असतात. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला क्रमांक एकदा ताडून पहा आणि मीटरखालचा आपला कटआउट, म्हणजे तिथला फ्यूज, कोणता, तेही नकाशावर लिहा. घरातली डीबीच जळायला लागली तर धावायचं तिथेच असतं.

जुना संकेत असा आहे की दिवे-पंख्यांच्या एका लाइनवर दहापेक्षा जास्त पॉइंट नसावेत आणि एकूण लोड ८०० वॅटच्या आत असावा. पॉवरच्या लाइनवर दोनच सॉकेट. तुमच्या यादीत एकाच १६ च्या खटक्यावर किचनची सगळी सॉकेटं, फ्रिज आणि वॉशिंग मशीन निघालं, तर ओव्हन लावला की खटका का पडतो याचं उत्तर तिथेच मिळालं. त्यावर १६ काढून ३२ चा खटका बसवणं हा उपाय नव्हे. भिंतीतली वायर तेवढीच राहते, आणि मग खटक्याऐवजी ती तापते.

इन्व्हर्टरची वाट

आता इन्व्हर्टर चालू करा आणि मेन पाडा. अजूनही जे जे चालू आहे ते लाल पेनने यादीत गोल करा. साधारणपणे प्रत्येक खोलीतला एक दिवा, एक पंखा, टीव्ही आणि वायफाय. या प्रत्येक गोल केलेल्या पॉइंटच्या बोर्डावर काम करताना नियम एकच: मेनही खाली आणि इन्व्हर्टरही बंद. नुसता इन्व्हर्टर बंद करून भागत नाही, कारण बहुतेक इन्व्हर्टर बंद असतानाही बाहेरची वीज तशीच पुढे सोडतात. आमच्या बाथरूमच्या बोर्डाबाहेर आता एक छोटा लाल ठिपका लावलेला आहे, तो एवढ्याचसाठी.

एक खूण सांगून ठेवतो. वीज परत आली की दर वेळी आरसीसीबी पडत असेल, तर इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल कुठेतरी एकमेकांत गुंतलेले असू शकतात. वायरमनला हे वाक्य असंच सांगा, त्याचा अर्धा दिवस वाचेल.

थ्री-फेज घर आणि किटकॅटचं घर

बहिणीच्या बंगल्यात मीटर थ्री-फेजचा आहे. तिथे प्रत्येक खटक्यापुढे फेजचा रंगही लिहिला: लाल, पिवळा, निळा. फायदा असा की अर्धं घर अंधारात गेलं आणि सगळे खटके वरच दिसले, तर यादी पाहून दोन मिनिटांत कळतं की गेलेले सगळे पॉइंट एकाच रंगाचे आहेत. म्हणजे बाहेरूनच एक फेज गेला आहे, घरात शोधायला नको. दोन वेगळ्या फेजचे पॉइंट एका बोर्डात आले असतील तर तो बोर्ड ठळक नोंदवा. त्या दोन वायरींत २३० नव्हे, जवळपास ४०० व्होल्ट असतात.

आईच्या घरी अजून चिनीमातीचे किटकॅट, म्हणजे उपसून काढायचे जुने फ्यूज, होते. त्यांचा नकाशा काढताना क्रम पक्का ठेवावा लागतो: मेन पाडा, एक किटकॅट उपसून बाजूला ठेवा, मेन चालू करा, घर फिरा, मेन पाडा, किटकॅट परत बसवा. मेन चालू ठेवून उपसला तर खालच्या उघड्या पितळी जिभांवर फेज असतो. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रलवरही फ्यूज सापडतो. तो उडाला की दिवा लागत नाही पण फेज होल्डरपर्यंत जिवंत असतो, आणि ‘लाइट नाही’ म्हणून माणूस बिनधास्त हात घालतो. आईकडे असे दोन निघाले. नकाशाचा कागद पाहून वायरमननेच सांगितलं की आता डीबी बदला, आणि आम्ही बदलली.

लिहायचं कसं

‘पॉवर १’ असं लिहून उपयोग नाही. आमच्या डीबीच्या दारावर आता असं आहे:

३ — सी १६ — किचन ओट्यावरची दोन सॉकेट, फ्रिज, हॉलचा कोपऱ्यातला दिवा
५ — सी १६ — बाथरूमचा गिझर (बोर्डात इन्व्हर्टरची लाइन आहे!)
६ — बी १० — मागची बेडरूम दिवे-पंखे, बाल्कनीचं सॉकेट, आकाशकंदील

मराठीत आणि ठळक, म्हणजे आजीला आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही वाचता येईल. खाली तारीख. एक प्रत दाराच्या आत, एक फोटो घरच्या ग्रुपवर, आणि डीबीशेजारी खिळ्याला एक बॅटरी टांगलेली. नवा एसी बसला, बोर्ड हलला, की ती ओळ खोडून नवी लिहायची.

पावसाळ्यातली रात्र

हा कागद खरा उपयोगी पडतो तो जुलैत. रात्री दोनला धो धो पाऊस आणि आरसीसीबी पडलेला, घरभर काळोख. उचलला तर पुन्हा पडतो. तेव्हा सगळे एमसीबी पाडा. पडलेला खटका आधी पूर्ण खाली दाबून मग वर करायचा असतो. मधेच अडकलेला असेल तर नुसता वर ढकलून तो टिकत नाही. आरसीसीबी उचला. टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा, प्रत्येकानंतर चार-पाच सेकंद थांबून. ज्याच्यावर तो पुन्हा पडेल, त्या ओळीवर बहुधा पाणी शिरलंय. आमच्याकडे तो सहावा होता, आणि यादीत त्याच्यापुढे बाल्कनीचं सॉकेट लिहिलेलं होतं. सहावा खालीच ठेवला, बाकीचं घर चालू केलं, आणि ते सॉकेट सकाळी उघडून घेतलं तर आत ओल.

आरसीसीबी सगळे एमसीबी खाली असतानाही टिकत नसेल, तर घाबरू नका पण पुन्हा पुन्हा उचलूही नका. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि कुठे न्यूट्रल अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकला असेल तर खटके पाडूनही दोष लाइनवर राहतो. आधी घरातले सगळे प्लग सॉकेटमधून ओढून काढा, बाहेरच्या बाजूचे पहिले, आणि एकदा पुन्हा करून पहा. तरी पडला तर मेन पाडून ठेवा आणि सकाळी वायरमन आला की त्याच्या हातात आधी हा कागद द्या.